उसनी पंगत

पुलगावात स्टेशनच्या बाजूला हेमराजचं व्हिडिओ शूटिंगचं नि मिक्सिंगचं दुकान होतं. भटजीनं अक्षता टाकल्या काय नि न टाकल्या काय, हेमराजनं पडद्यावर नवरानवरीच्या डोक्यावर तो फिरता गुलाब सोडला की मग लग्न पक्कं झालं, असं आजूबाजूच्या गावांत मानत. त्याचा हातच तसा होता. रडरड रडणाऱ्या नवरीला तो कॉम्प्युटरवर लाजायला लावी. देवळीच्या एका नवरदेवाची घोडी बँडला बिथरली आणि मांडवाकडे पाठ करून उलटी शेतात पळाली, तर हेमराजनं ती वरात उलटीची सुलटी करून बरोबर मांडवाच्या दारात आणून उभी केली. तो नवरदेव आजही छातीठोकपणे सांगतो की घोडी सरळच गेली होती. शेतातले काटे अंगात रुतले ते कुठून आले, एवढंच त्याला सांगता येत नाही.

पण असा हा हेमराज एका बाबतीत हमखास फसे. ती म्हणजे पंगत. पंगतीची वेळ आणि लोडशेडिंगची वेळ यांचं आतून काहीतरी ठरलेलं असे. इकडे पत्रावळी मांडल्या की तिकडे लाइट गेलीच. मग कॅमेऱ्यात काय येणार? अंधार, आणि अंधारात भुरके मारल्याचा आवाज. आता लग्नाच्या डीव्हीडीत हळद आहे, वरात आहे, आहेर आहे आणि पंगत नाही, तर पाहणारा काय म्हणेल? म्हणेल, पोरीच्या बापानं जेवूच घातलं नाही. असा बोल कोणत्या बापानं ऐकून घ्यावा?

म्हणून हेमराजनं एक पंगत जपून ठेवली होती. शहाण्णव सालची, नाचणगावच्या एका लग्नातली. भर दिवसाची, स्वच्छ उजेडातली, जुन्या व्हीएचएस कॅसेटवर घेतलेली. त्या लग्नात बुंदी अपुरी पडली म्हणून दोन्हीकडचे व्याही हमरीतुमरीवर आले होते, आणि पोरीच्या बापानं हेमराजला बजावलं होतं की पंगतीचा एक तुकडासुद्धा कॅसेटमध्ये दिसता कामा नये. ती पंगत तिच्या स्वतःच्या लग्नात नव्हती, आणि पुढे जिल्हाभरच्या लग्नांत जेवत सुटली.

तुकडा छोटासाच. मांडवाखाली लांब रांग. डावीकडे एक जाडा गृहस्थ भाताचा मोठा घास तोंडाशी नेतो आहे. उजवीकडे एक म्हातारा गडू वर करून पाणी पितो आहे. मागून वाढप्या बादली घेऊन येतो आहे. आणि दोघांच्या मधोमध, पांढरी टोपी, निळ्या रेघांचा सदरा, लांब नाक, असा एक माणूस मान खाली घालून बसलेला. जिथे पंगत फसली तिथे हेमराज हा तुकडा चिकटवी, त्याचा मूळ आवाज पुसून वर सनई नाही तर एखादं गाणं घाली, आणि पुढे जाई. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, सीड्या जाऊन डीव्हीड्या आल्या, पंगत तीच. कोणाला कधी शंका आली नाही. लग्नाची डीव्हीडी बघणारा माणूस त्यात फक्त स्वतःला शोधतो. शिवाय पोरीकडच्यांना वाटे, ही मंडळी पोराकडची. पोराकडच्यांना वाटे, पोरीकडची. अनोळखी माणूस पोटभर जेवताना दिसला की दोन्ही घरं खूश.

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या भादव्यातली. सकाळी सकाळी प्रमिलाबाई नावाची एक बाई कापडी पिशवी घेऊन दुकानात आली. सिंदी मेघेहून एसटीनं आली होती. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"हेमराजभाऊ तुमीच काय?"

"मीच, काकू. बसा. कोनाचं लग्न हाय?"

"लग्न नाई. मानूस हाय."

तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. आतून डीव्हीड्या निघाल्या. कशावर गणपती, कशावर बदाम, कशावर नवरानवरीचा फोटो. सगळ्यांवर कोपऱ्यात हेमराजच्या दुकानाचं नाव.

"या समद्या मंदी आमचे हे हायेत," प्रमिलाबाई म्हणाली. "सदाशिवराव. बारा वर्षं झाले, नाचनगावले लग्नाले गेलते. पंगतीत बसताना दहा लोकायनं पाह्यलं. उठताना कोनंच नाई पाह्यलं. आजपर्यंत घरी आले नाई."

हेमराजच्या हातातला चहा हातातच राहिला.

"लय शोधलं. मंग मागच्या दिवाळीत माह्या भाचीकडे, आचलकडे गेली. तिनं आपल्या लग्नाची डीव्हीडी लावली. पाह्यतो तं काय, हे बसले पंगतीत. मी म्हटलं, वा रे मानसा, भाचीच्या लग्नात येऊन जेवून गेले अन् मले तोंड नाई दाखवलं. तवापासून ज्या घरी जाओ त्या घरी डीव्हीडी मागो. लोक म्हनत, बाईले म्हातारपनी लग्नाचा नाद लागला. आर्वीच्या लग्नात हे. हिंगनघाटच्या लग्नात हे. औंदा वैशाखात देवळीले लग्न झालं, त्याच्यात बी हे."

"काकू," हेमराज सावकाश म्हणाला, "समद्या लग्नात कपडे कोनते घातले हाय त्यायनं?"

"तेच. बारा वर्षांत कोनी एक सदरा नाई घेतला यायले." एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलायला लागली. "आता आयका. आमचे भाऊजी, रूपराव, म्हनून राह्यले का बारा वर्षं झाले, आता नियमानं पळसाच्या पानाचा पुतळा करा, अमावास्येले जाळून टाका अन् क्रियाकर्म करा. पुतळा जाळला का मानूस मेला. मले कुकू पुसा लागन. जित्या मानसाले कोनी जाळते काय, भाऊ? तं तुमी येवढं करा. या समद्यातून यायचे तुकडे काढा, एकापाठी एक जोडा अन् एक डीव्हीडी करून द्या. भाऊजीले दाखवतो. मंग पाहू कसे जाळतात."

त्या वेळी हेमराजला सांगता आलं असतं. काकू, हा माणूस एवढ्या लग्नांत जेवला नाही, एकाच लग्नात बसला होता, मीच त्याला गावोगाव चिकटवला. एवढंच. पण ते सांगितलं की प्रमिलाबाईचं कुंकू अमावास्येला जाणार, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आर्वीपासून हिंगणघाटापर्यंतचे सगळे सासरे दुकानापुढे येऊन उभे राहणार. आमच्या पोरीच्या लग्नात परक्यांची पंगत? त्याला ती काठ्यांची रांग डोळ्यांपुढे दिसली. तो म्हणाला, "जोडून देतो. परवा येजा."

"मी नाई येत. तुमीच घरी येजा. चार पाहुने बसवतो. तुमच्या हातानं लावजा, म्हंजे भाऊजी उलटंसुलटं बोलनार नाई."

बाई गेली. हेमराजनं काम हाती घेतलं. काम अवघड नव्हतं. डीव्हीडीच्या पोटात व्हीओबी नावाच्या मोठमोठ्या फायली असतात, एकच लग्न चार-पाच तुकड्यांत कापून ठेवलेलं. त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते छाटायचं, हवं ते ओळीनं लावायचं, जोडून पुन्हा एक फाईल करायची. हेमराजनं लग्नांच्या तारखा बघून तुकडे लावले. सर्वांत जुनं आधी, देवळीचं शेवटी. तुकडे सगळे एकाच आईची लेकरं. एक पाहिला की बाकीचे न बघता चालले असते.

पण त्यानं पाहिले, आणि तिथेच तो अडकला.

पहिल्या लग्नात सदाशिवरावांच्या पत्रावळीवर पोळीचा एक कोपरा तुटलेला होता. दुसऱ्यात अर्धी पोळी नव्हती. आर्वीच्या लग्नात वांग्याची भाजी संपून नुसतं तेल राहिलं होतं. आचलच्या लग्नात बुंदी गेली. हिंगणघाटला वरणभात निम्म्यावर आला. देवळीला पत्रावळ जवळजवळ साफ होती, कडेला चार शितं उरली होती.

हेमराजनं डोळे चोळले. बाजूचा जाडा पाहिला. त्याचा तो भाताचा घास सगळ्या लग्नांत तोंडाशी तसाच, त्याच उंचीवर. म्हाताऱ्याचा गडू तसाच. वाढप्याची बादली तिथेच. रांगेत बाकी कोणाच्या पत्रावळीवरचं एक शितही हललेलं नव्हतं. मधला एकटा माणूस तेवढा जेवत होता. हेमराजनं कपाटातून मूळ कॅसेट शोधून काढली, धूळ फुंकली, लावली. तिच्यात सदाशिवरावांची पत्रावळ भरलेली होती. पोळीला बोटही लागलं नव्हतं. त्यांनी पत्रावळीभोवती नुकतं पाणी फिरवलं होतं.

म्हणजे हेमराजनं तुकडा कोणाच्या लग्नात चिकटवला, की हा माणूस एक पाऊल पुढे जेवे. बारा वर्षं हेमराज त्याला घासाघासानं जेवू घालत होता.

आणखी एक गोष्ट होती. देवळीच्या तुकड्यात सदाशिवरावांनी पहिल्यांदाच मान वर केली होती. ते सरळ समोर, कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. वर गाणं वाजत होतं. मूळ आवाज हेमराजनंच पुसला होता. ते काय म्हणत होते ते देवळीच्या त्या अख्ख्या लग्नात कोणाला ऐकू गेलं नव्हतं.

हेमराज उठला, दुकानाबाहेर आला. रस्त्यावर भर दुपार होती, एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, पानठेल्यावर रेडिओ लागला होता. सगळं जिथल्या तिथे होतं. ते बघून त्याला जरा धीर आला, आणि धीराबरोबर एक हिशेबही सुचला. पत्रावळीवर चारच शितं आहेत. आणखी एकदा तुकडा चिकटवला, तर याचं जेवण संपतं. जेवण संपलं की माणूस उठतो. उठला की घरी जातो. मग बाईचं कुंकू वाचलं, पुतळा टळला, आणि आपल्याला खरं सांगायची गरजच उरली नाही. एवढा सोपा सुटकेचा मार्ग समोर असताना माणूस दुसरीकडे कशाला बघतो?

त्यानं कॅसेटवरचा तुकडा नव्यानं घेतला आणि सगळ्या तुकड्यांच्या शेवटी जोडला. या वेळी आवाज पुसला नाही. गाणंही घातलं नाही. मग फाईल बनवायला लावली. अर्ध्यात लाइट गेली. इन्व्हर्टर तर आठवडाभरापासून बिघडलेला. पंखा थांबला, ट्यूब विझली, शेजारची पिठाची गिरणी गप्प झाली, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र पुढे सरकत राहिली. पट्टी भरली तशी डीव्हीडी आपसूक बाहेर आली. ती ओलसर होती. हेमराजनं ती रुमालात गुंडाळली. आत काय आलं ते बघायची त्याची छाती झाली नाही.

ठरल्या दिवशी दुपारी तो सिंदी मेघेला पोचला. प्रमिलाबाईच्या बैठकीत सतरंजी अंथरलेली, चार-सहा नातेवाईक भिंतीला टेकून बसलेले, आणि टीव्हीपुढे खुर्चीवर रूपराव. केस पांढरे झालेला, थकलेला माणूस.

"या, शूटिंगवाले," रूपराव म्हणाला. "माह्या वहिनीच्या डोक्यात तुमीच भरवलं म्हन्तात का मानूस जित्ता हाय."

"मी काय भरवतो, दादा? जे हाय ते हाय."

"लावा मंग. मले काही हौस नाई भावाले जाळाची. पन बारा वर्षं हे बाई दाराकडे पाहून राह्यली, माह्याच्यानं आता पाह्यलं जात नाई."

हेमराजनं डीव्हीडी लावली. सनई सुरू झाली आणि सदाशिवराव पोळी तोडून बसलेले दिसले. बायकांतून कोणीतरी हुंदका दिला. मग गाणं बदललं, पोळी अर्धी झाली. गाणं बदललं, भाजी संपली. जणू एकच माणूस एका बैठकीत सावकाश जेवतो आहे आणि भोवती गाणी बदलताहेत. प्रमिलाबाई टीव्हीकडे अशी बघत होती, की जणू वाढायला तीच उभी आहे.

रूपराव मात्र पुढे वाकून बघत होता. हिंगणघाटचं लग्न आलं तसा तो म्हणाला, "थांबवा. हे तं एकच पंगत हाय. तो बाजूचा जाड्या पाहा. हरेक लग्नात त्याचा घास तिथंच. थो बुढा बी तोच."

प्रमिलाबाई म्हणाली, "अन् यायची पत्रावळ? थे काऊन बदलून राह्यली?"

"थे मले नाई समजत, वहिनी. पन या मानसाले समजत असन." त्यानं मान वळवून हेमराजकडे पाहिलं. "सांगा, भाऊ. हे त्या त्या लग्नातलीच पंगत हाय? का तुमी कुठची उचलून जोडली?"

सगळ्या बैठकीनं हेमराजकडे पाहिलं. प्रमिलाबाईनंही पाहिलं, आणि तिचा हात नकळत कपाळाकडे गेला.

हेमराज हसला. म्हणाला, "कुठची उचलीन, दादा? लग्नं येगळे, गावं येगळे."

"तुमी स्वतः होते तिथी?"

"होतो ना."

"माह्या भावाले डोयानं पाह्यलं?"

"पाह्यलं काय म्हन्ता. शूटिंगवाला कधी जेवल्याबिगर घरी आला काय? त्याच पंगतीत बसलो. यायच्याच मांडीले मांडी लावून जेवलो, हरेक लग्नात."

"घ्या आन."

"अन्नाची आन," हेमराज म्हणाला. "बसलो नसन त्या पंगतीत, तं मले बसा लागन."

रूपराव खुर्चीत मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. अन्नाची शपथ खोटी कोण घेतो? हेमराजनं डीव्हीडी पुढे चालू केली. हिंगणघाट संपलं. देवळी आली, सदाशिवरावांनी मान वर केली, ओठ हलले. मग गाणं तुटलं आणि शेवटचा तुकडा लागला.

त्याला आवाज होता. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या पंगतीचा आवाज कोणी ऐकत होतं. भुरके, पोरांची रडारड, "भात, भात" म्हणत फिरणारा वाढप्या. सदाशिवरावांनी कडेची चार शितं बोटानं गोळा करून तोंडात घातली. गडूभर पाणी प्याले. मग समोर बघून म्हणाले, "झालं माहं. मांगं कोन उभं हाय?"

आता हे सगळ्यांनाच माहीत असतं. गर्दीच्या लग्नात जेवणाऱ्याच्या पाठीमागे दुसऱ्या पंगतीची माणसं उभी असतात, आणि उठणारा माणूस आपली जागा कोणाच्या तरी हवाली करून उठतो. सदाशिवराव गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पडद्याच्या कडेनं बाहेर गेले.

अंगणात नळाची तोटी फिरली. कोणीतरी हात धुतले, चूळ भरली, घसा खाकरला.

प्रमिलाबाई तेवढी उठली, खुंटीवरचा पंचा घेतला आणि दारात गेली. बाजारातून उशिरा आलेल्या माणसाला म्हणावं तशी म्हणाली, "किती वेळ लावला."

सदाशिवराव आत आले. पांढरी टोपी, निळ्या रेघांचा सदरा, ओले हात. नाचणगावला गेले त्या दिवसापेक्षा एका दिवसानंही म्हातारे नव्हते. बायको आता त्यांची मोठी बहीण शोभत होती. ते सतरंजीवर बसले, सुपारी मागितली, आणि खुर्चीवरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे बघून हळूच विचारलं, "हे पाहुने कोन?" धाकटा भाऊ रूपराव खुर्चीवरून उतरला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून तसाच पडून राहिला. मग एकच गलका झाला. रडणं, हसणं, पोरांना हाका, कोणी शेजारी धावलं. त्या सगळ्यात टीव्हीकडे कोण बघतो?

हेमराज बघत होता. एकटाच.

पंगतीत मधली जागा रिकामी होती. वाढप्यानं उष्टी पत्रावळ उचलली, दुसरी मांडली, तिच्यावर पाणी शिंपडलं. जाड्या गृहस्थानं बारा वर्षं तोंडाशी धरलेला घास खाली ठेवला. म्हाताऱ्यानं गडू टेकवला. सगळी रांग जेवायची थांबली आणि एकेकानं मान वळवून इकडे पाहिलं. वाढप्यानं पोळी वाढली, भाजी वाढली, बुंदी वाढली, वरणभात वाढला, आणि बादली हातात धरून तो उभा राहिला.

"या, हेमराजभाऊ," तो म्हणाला. "पंगत खोळंबली हाय."

हेमराजनं रिमोट दाबला. पंगत चालूच. त्यानं प्लेअरची वायर उपटली, टीव्हीची उपटली. दोन्ही वायरी त्याच्या हातात होत्या आणि वरणातून वाफ निघत होती. मागे प्रमिलाबाई नवऱ्याला सुपारी कातरून देत होती. हेमराजला वाटलं, आता ओरडून सांगावं. मी खोटं बोललो, मी कोणत्याच पंगतीत बसलो नव्हतो, ती पंगत मी उसनी घेतली होती. सांगितलं की कदाचित सुटू.

त्यानं सांगायला तोंड उघडलं. पण तोंड लाळेनं भरून आलं होतं. पोटात अशी भूक उसळली होती, की जणू बारा वर्षांत अन्नाचा कण पोटात गेला नसावा. तो सतरंजीवर मांडी घालून बसला आणि बसल्या बसल्याच टीव्हीकडे सरकू लागला. वाढप्यानं त्याच्यासाठी गडूत पाणी ओतायला घेतलं.